आतल्या कामट्या

आबा, मायचा उजवा गुडघा बदलला. तुम्हाला खरं वाटणार नाही, मलाही अजून पुरतं वाटत नाही. उस्मानपुऱ्यातल्या एका दवाखान्यात सकाळी तिला आत नेलं, दुपारी बाहेर आणलं आणि दुसऱ्या दिवशी उभं केलं. उभं, आबा. ज्या पायाचं हाड आदल्या दिवशी करवतीनं कापलं त्याच पायावर. हाताला वॉकर, एका बाजूला नर्स, दुसऱ्या बाजूला मी आणि मधे माय, डोक्यावरचा पदर सावरत. मी आजवर बरंच काही बघून आलोय. ट्रकवर क्लीनर होतो तेव्हा गुजरातेत समुद्राकाठी गावाएवढी जहाजं तोडताना बघितली. वेरूळला टोप्या विकायचो तेव्हा डोंगर वरून खाली कोरत आणलेलं देऊळ रोज बघितलं, इतकं रोज की शेवटी बघायचंच सोडून दिलं. पण मायनं फरशीवर पाऊल टेकवलं तेव्हा मीच तिच्या वॉकरला धरून उभा राहिलो. नर्स म्हणाली, "दादा, तुम्हीच बसा खुर्चीवर. पेशंटपेक्षा तुमचाच चेहरा उतरलाय."

तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होतो. त्या वर्षी विहिरींनी तळ दाखवला होता आणि आपण मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला निघालो होतो. वाटेतच तुमच्या छातीत कळ आली. त्यानंतर मेंढरं गेली, मामानं आम्हाला बजाजनगरला आणलं, आणि पुढच्या वर्षी शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, ते अजून ठरायचंय. शहर तेव्हा चहूकडं सुटलं होतं. पाणी नव्हतं, पण इमारती उगवत होत्या. माय बांधकामावर लागली. डोक्यावर घमेलं आणि पायाखाली कच्च्या पायऱ्या, ज्यांना अजून कठडाही लावलेला नसायचा. आपण जिथं मेंढरं बसवायचो त्या रानात तिनं मजल्यावर मजले चढवले. आता तिथं रो-हाउस आहेत आणि त्यांच्या दारात टँकर उभे असतात. मी पार्सल पोचवायला जातो त्या बाजूला. गेटवरचा वॉचमन विचारतो, कुठं जायचं. मला सांगावंसं वाटतं, बाबा रे, तू उभा आहेस तिथं आमची चूल होती. पण मग पार्सल राहतं, गिऱ्हाईक ओरडतं. असो, मी गुडघ्याचं सांगत होतो.

गुडघ्याची सुरुवात तर तुमच्याच समोरची. खुलताबादच्या खाली, घाटाच्या अंगाला आपला मुक्काम होता. माय कोकरू काखेत घेऊन ओढ्यात उतरली आणि दगडावरून घसरली. कोकराला काही झालं नाही, मायचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. पुढं सूज उतरली तरी ठणका जाईना. मला तो दिवस आत्ता दिसतो. माय चुलीपुढं बसलीय, पाय लांब केलाय. तुम्ही मेंढरांना डागायची सळई विस्तवात घातलीय आणि ती लाल होईपर्यंत कुणाशी बोलत नाही. माय म्हणते, "मेंढीला देता तसाच द्या. हात हलका करू नका." तुम्ही गुडघ्याच्या एका बाजूला चटका देता, मग दुसऱ्या बाजूला. वास येतो. माय दातांत पदर धरते, तिचा आवाज निघत नाही. मला वाटलं होतं माय रडंल. ती नाही रडली. तुम्ही मात्र सळई टाकून त्या मोठ्या खडकामागं गेलात आणि मेंढरं आपसूक परतेपर्यंत आलाच नाहीत. मायनं मला सांगितलं, "जाऊ नको तिकडं. येतील."

डागल्यानंतर थोडे दिवस बरं वाटलं असं ती सांगायची. मग बजाजनगरच्या जिन्यांनी सगळं बाहेर काढलं. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही खालच्या टाकीपर्यंत. हंडा, कळशी, वर, खाली. गुडघा दुखायला लागला की आमच्या चाळीत प्रत्येक जण डॉक्टर होतो. शेजारच्या काकूंनी निरगुडीच्या पाल्याचा शेक सांगितला. तिळाचं तेल झालं, एरंडाची पानं झाली. एका बाबानं तांब्याचं कडं दिलं, ते मीच पुढं हातात घालून फिरलो. मेडिकलवाला काउंटरवरूनच गोळ्या द्यायचा, आणि गोळी घेतली की माय सकाळी घमेलं उचलायची, संध्याकाळी भिंतीला धरून यायची. मी लवचिक पट्टा आणून दिला, तो तिनं उशीखाली जपून ठेवला, "खराब होईल" म्हणून. कामाला जाणं सुटलं. मग खाली उतरणंही सुटलं. गेलं वर्षभर तर ती गॅलरीत बसून खालच्या भाजीवाल्याशी भांडायची, दोरीनं पिशवी खाली सोडायची. एकदा मी म्हटलं, माय, पाठीवर घेऊन जातो तुला, बाजार फिरवतो. तर म्हणाली, "मी काय लंगडं कोकरू हाय का? मला कुणाचा हात नाय पाहिजे. माझ्या पायानं खाली जायचंय, बास." एवढंच मागितलं तिनं आयुष्यात माझ्याकडं, आणि तेच माझ्या हातात नव्हतं.

शेवटी तिला त्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तसे तरुणच, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी एक्स-रे दिव्यावर लावला. मायला म्हणाले, "ही दोन हाडं दिसतायत ना, यांच्यामधे गादी असते. तुमची झिजून गेलीय. हाडावर हाड घासतंय." मला वाटलं आता लगेच ऑपरेशन सांगतील. नाही. आधी म्हणाले वजन थोडं कमी करा, मांडीचा व्यायाम करा, पाय सरळ ठेवून उचलायचा, धरायचा, सोडायचा. उजवा दुखतो ना, मग काठी डाव्या हातात घ्या. खाली उकिडवं बसू नका. मेडिकलच्या गोळ्या मनानं खाऊ नका, किडनीवर जातात. मायनं सगळं केलं, एक पावसाळा भरून केलं. मग गुडघ्यात इंजेक्शन दिलं, त्यानं दिवाळीपर्यंत चांगलं गेलं. मी विचारलं, ते वंगणाचं इंजेक्शन म्हणतात ते? डॉक्टर हसले. म्हणाले, "देता येतं. काहींना थोडा फरक पडतो, काहींना नाही. पण एवढी झीज झाल्यावर मी आशा लावणार नाही. दुर्बिणीनं साफ करूनही उपयोग नाही. उरलं ते गुडघा बदलणं. घाई नाही. दुखणं तुमचं आहे, ठरवायचं तुम्ही." मग रक्ताची गुठळी, जंतू लागणं, साखर तपासणं, जे काय वाईट होऊ शकतं तेही सगळं सांगितलं. मायनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "जिना उतरंन का?"

"उतराल. पण एक लक्षात ठेवा मावशी, गुडघा मी बदलीन, वाकवायचा तुम्हालाच आहे."

तपासताना त्यांनी साडी गुडघ्यावर करायला सांगितली, आणि आबा, तुमचे दोन डाग त्यांच्यासमोर आले. नाण्याएवढे, गुळगुळीत, चकाकणारे. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. डॉक्टर अंगठा त्यावरून फिरवत राहिले. "कुणी दिले?"

"मालकानं," माय म्हणाली. तुमचं नाव तिनं तिथंही घेतलं नाही.

"हात स्थिर होता त्यांचा," डॉक्टर म्हणाले. मग सरळ झाले आणि म्हणाले, "याचा उपयोग काही नसतो, पुन्हा कुणी असं करू नका. पण जुन्या डागाजवळची कातडी नीट भरत नाही, म्हणून चीर मला जपून घ्यावी लागेल." ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी पेनानं मायच्या गुडघ्यावर एक रेघ काढली. तुमच्या दोन डागांच्या बरोबर मधून, दोघांपासून अंतर राखून. मी तिथंच उभा होतो. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. मला वाटलं, तुम्ही आणि डॉक्टर दोघं एकाच पायावर काम करताय, एक आधी, एक नंतर, आणि दुसऱ्यानं पहिल्याच्या खुणेला धक्का लावायचा नाही असं ठरवलंय.

कमरेखाली बधिर केलं होतं, माय जागीच होती. नंतर सगळ्या वॉर्डाला ती सांगत होती, "पडद्यामागं सुतारकाम चालू होतं. ठोक ठोक ठोक. मी म्हटलं, अगं बया, दार बसवायलेत का काय." आणि वॉर्डात पडल्या पडल्या वर बघून मला म्हणते, "ह्यांचा गिलावा नीट नाय. कोपऱ्यात फुगलाय बघ."

खरी गोष्ट घरी आल्यावरची आहे, आणि त्यात तुम्ही आहात. दवाखान्यानं एक पोरगी लावून दिली होती, फिजिओ म्हणतात, व्यायाम करून घेणारी. रोज सकाळी स्कूटीवर यायची. "मावशी, अजून थोडं. अजून. शाब्बास." मायचा पाय हळूहळू वाकवायची आणि माय सगळे देव आठवायची. तिचं नाव मायनं मोडणारीण ठेवलं. स्कूटीचा आवाज आला की, "आली मोडणारीण." पोरगी हसायची, पण पहिले काही दिवस गेल्यावर हसेना. एका सकाळी जिन्यात मला थांबवून म्हणाली, "दादा, दवाखान्यातून निघताना जेवढा वाकत होता तेवढाही आता वाकत नाहीये. दिवसभर काय करतात मावशी? असाच आखडला तर सरांना भूल देऊन वाकवावा लागेल. आणि तरी पूर्वीसारखा होईल असं नाही." मी वर आलो तर माय डोळे मिटून भिंतीला टेकलेली. मी विचारलं, व्यायाम करतेस ना? म्हणाली, "करते की." मग मी कामावर गेलो. दिवसभर माझ्या डोक्यात एकच. एवढं सगळं करून ती पुन्हा त्या गॅलरीतच बसणार. आता तर गुडघाही तिचा राहिला नाही, आणि जिनाही नाही.

दुसऱ्या दिवशी बजाजनगरातच पार्सल होतं, म्हणून दुपारी अचानक घरी गेलो. दार नुसतं लोटलेलं. माय कॉटवर बसलेली, आणि उजवा पाय मांडीपासून नडगीपर्यंत बांधलेला. जुनी टोपली मोडून तिच्या कामट्या काढल्या होत्या, आत घोंगडीचा तुकडा गुंडाळला होता, वर तुमच्या पटक्याची पट्टी. गाठी तुमच्याच. मला त्या ओळखायला क्षणभरही लागला नाही.

"माय, हे काय करायलीस?"

"ओरडू नको. पाय बांधलाय."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? हाड कापलंय. कापलेलं हाड हालवत असतात व्हय? ती पोरगी सकाळी सगळं ढिलं करून जाते, मी दिवसभर बसवते."

आबा, ती रीत तुमची. मोडलेल्या पायाची मेंढी तुमच्याकडं लांबून लांबून यायची. तुम्ही हाड जुळवून धरायचा, माय कामट्या लावून पट्टी फिरवायची, आणि मग त्या जनावरानं पाय टेकायचा नाही म्हणजे नाही. कोकरू असलं तर तुम्ही खांद्यावर घेऊन कोस कोस चालायचा. मला एकदा तुमचा मार बसला तो त्यावरूनच. मी पाय बांधलेल्या करडाला खेळवायला खाली सोडलं होतं. तुम्ही म्हणालात, "तुला खेळ सुचतोय, त्याचा जन्म जाईल." मायनं तुमच्याबरोबर कितीतरी पाय बरे केले होते. तिला मी, पार्सल वाटणारा, काय शिकवणार? तरी बोललो. म्हटलं, डॉक्टर सांगतात वाकव. म्हणाली, "डॉक्टरला घाई असती, रोज नवा पेशंट. तुझ्या आबानं एक पाय वाया जाऊ दिला नाय."

मग मी दवाखान्याच्या पिशवीतून ऑपरेशननंतरचा एक्स-रे काढला. तिनं तो कधी नीट बघितलाच नव्हता. खिडकीपुढं धरला. वरच्या हाडाला धातूची टोपी, खालच्या हाडात खिळ्यासारखी खुंटी, सगळं पांढरंफेक. मधली प्लॅस्टिकची गादी दिसत नाही, नुसती फट दिसते. म्हटलं, माय, अख्खा गुडघा नाही काढलेला, झिजलेली टोकं तेवढी घासून त्यावर हे बसवलंय. तिनं त्या टोपीवर नख टेकवलं.

"हे कशानं धरलंय?"

"सिमेंटनं."

"सिमेंट?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी आयुष्यात पहिल्यांदा कामाचं काही बोललोय. "मग तर हालवायचंच नाय! स्लॅब टाकल्यावर लगेच सेंट्रिंग काढतात व्हय? पाणी कुणी मारलं त्याला?"

मला हसावं का रडावं कळेना. मोडणारणीला फोन लावला आणि मायच्या तोंडापुढं धरला. माय म्हणाली, "पोरी, खरं सांग. आतलं सिमेंट वाळलं का?"

तिकडून आधी हसू आलं, मग ती थांबली. तिलाही कळलं असावं की हे चेष्टेचं नाही. म्हणाली, "मावशी, हे वेगळं सिमेंट असतं. टाके घालायच्या आधीच दगड होतं. सर तिथंच टेबलावर पाय वाकवून बघतात, सरळ करून बघतात, डावीउजवीकडं हलवून बघतात. सगळं बरोबर असलं तरच शिवतात."

"माझा बी वाकवला?"

"तुमचाही. चांगला वाकला होता. तुम्हाला बधिर केलं होतं म्हणून कळलं नाही."

"आन् मोडला नाय?"

"नाही मोडला, मावशी."

फोन बंद झाला. मायनं एक्स-रे पुन्हा उजेडाकडं धरला, त्या खुंटीवरून बोट फिरवलं, मग स्वतःच्या बांधलेल्या पायावरून फिरवलं. "म्हणजे ह्यांनी कामट्या आत घातल्यात," ती म्हणाली. "आत घातल्यात, आन् त्याच दिवशी सोडल्या बी." मग माझ्याकडं वळली. "तुझा आबा कामट्या सोडल्यावर काय करायचा, आठवतं का तुला?" मला आठवत होतं, पण तिनंच सांगावं म्हणून मी नाही अशी मान हलवली. "कामट्या सोडल्या की जनावराला उभं राहू द्यायचा नाय. चालवायचा. तेल लावून पाय दुमडायचा, सोडायचा, दुमडायचा, सोडायचा. जनावर ओरडायचं, तरी सोडायचा नाय. म्हणायचा, आता दया केली तर लंगडं राहील." तिनं तुमची गाठ सोडली. एकेक करून सगळ्या सोडल्या. कामट्या बाजूला ठेवल्या आणि मला म्हणाली, "त्या पोरीला म्हणावं, संध्याकाळी बी ये."

मग जे सुरू झालं ते बघायला तुम्ही पाहिजे होता. कॉटच्या कडेला बसायची, डाव्या पायानं उजव्याला मागं रेटायची, डोळ्यांतून पाणी काढायची, आणि थांबायची नाही. चादर पायाला अडकवून टाच ओढायची. मी म्हणायचो, माय, बास की आता. "तू जा तुझ्या पार्सलला. तुझ्यानं बघवत नाय." खरंच बघवायचं नाही. मी जिन्यात जाऊन उभा राहायचो. मोडणारीण मात्र तिच्यापुढं बसून मोजायची, आणि मोजता मोजता दोघी एकमेकींना शिव्या द्यायच्या, प्रेमानं. एके दिवशी पोरीनं कोनमापक ठेवून कोन बघितला आणि मायच्या पायांना हात लावला. माय म्हणाली, "अगं, त्या डॉक्टरचे धर. मी नुसता दुमडला."

ज्या हाडाला करवत लागली, ज्यात धातू ठोकला, ज्याच्याभोवतीची कातडी तुमच्या सळईनं भाजली होती, तो पाय वाकतो. मी कितीदा बघितलं तरी माझं मन धजत नाही विश्वास ठेवायला. जिना ती आधी एकेक पायरी उतरली, दोन्ही पाय एका पायरीवर आणत. मग काठीनं. मग कठड्यानं. खाली उतरल्यावर भाजीवाल्याची कोथिंबीर हातात घेऊन म्हणाली, "ही काल वरून हिरवी दिसत होती." खाली मांडी घालून बसता येत नाही तिला, डॉक्टरनं सांगितलंय नको म्हणून, आणि डावा गुडघाही कुरकुरतो, त्याचं पुढं बघू. पण ती चालते. कुणाचा हात न धरता.

परवाची गोष्ट सांगतो आणि थांबतो. सकाळी उठलो तर माय घरात नाही. खाली नाही, दुकानात नाही. गाडी काढली आणि गल्ल्या पालथ्या घातल्या. कंपन्यांच्या मागं एक मोकळा प्लॉट आहे, तारेचं कुंपण कधीच मोडलंय, तिथं गवत माजलंय. तिथं मेंढरं दिसली. कुणीतरी नवरा-बायको, परभणीकडचे असावेत बोलण्यावरून, वाटेत चारायला थांबले होते. त्या बाईबरोबर माय चालली होती. काठी होती, पण ती टेकत नव्हती, मेंढरांपुढं आडवी धरत होती. दोघी काहीतरी बोलत होत्या, हसत होत्या. मेंढरं पुढं सरकली की माय सरकायची. मी गाडी बंद केली. 

लोक म्हणतात मी तुमच्यावर गेलोय, एका जागी ठरत नाही म्हणून. मी किती वेळा घर सोडून गेलो, सुरत, पुणे, कुठं कुठं, दरवेळी माय दारात उभी असायची आणि मी वळून बघायचो नाही. बघितलं तर पाय निघत नाही, म्हणून. परवा मी रस्त्याच्या कडेला गाडीवर बसून राहिलो, ती कळपाबरोबर दूर दूर गेली, कंपनीच्या भिंतीपलीकडं दिसेनाशी होईपर्यंत. तिनं एकदाही वळून बघितलं नाही, आबा. मला एवढा आनंद झाला होता की छातीत मावत नव्हता. आणि तरी, तिला हे कधी सांगणार नाही म्हणून तुम्हाला लिहितोय, थोडं वाईटही वाटलं.